पश्चात्तापाचा मजकूर

६ जुलै १९५३

प्रजासत्ताक होऊन साडेतीन वर्षे झाली आणि आज सरकारने माझा अडकित्ता जप्त केला. ही घटना इतिहासात नोंदली जाणार नाही, म्हणून मीच नोंदवतो. इंग्रजांच्या राज्यात हा अडकित्ता माझ्या वडिलांच्या कनवटीला होता. त्या काळ्या राजवटीतही त्याला कोणी हात लावला नव्हता. आज तुरुंगाच्या दारावर नत्थूजी नावाच्या शिपायाने तो उलटासुलटा करून पाहिला, हवेत दोनदा चालवला आणि म्हणाला, "हत्यार हाये जी हे."

"अहो, सुपारीचा आहे तो."

"सुपारीले कापते तं माणसालेई कापते."

"माणसं कापायला मी लेखणी वापरतो."

"मंग तेई काढा खिशातून."

लेखणीही गेली. दोन तास अख्खी सुपारी गालात धरून मी खुनी आणि दरोडेखोरांना 'अ' शिकवला. सुपारीमुळे तोही नीट उच्चारता आला नाही.

मी इथे कसा आलो, तेही लिहून ठेवतो. यमुताई बंदी-सुधार मंडळाच्या चिटणीस. यजमान वकील. म्हणजे यजमान ज्यांना सोडवू शकत नाहीत, त्यांना बाई सुधारतात. या मंडळावर मी आमच्या साप्ताहिकात लागोपाठ तीन शनिवार लिहिले. गाव हसले. चौथ्या शनिवारी बाई स्वतः घरी आल्या, बायकोच्या, म्हणजे शामलेच्या, हातचे पोहे खाल्ले आणि म्हणाल्या, "दत्तोपंत, लिहिता फार छान. आता जरा शिकवूनही दाखवा." चार लोक बसले होते. नाही म्हणालो असतो तर पाचवा शनिवार त्यांचा झाला असता.

शामला म्हणाली, "लोक सत्याग्रह करून तुरुंगात जात होते. तुम्ही वशिल्यानं चाललात."

९ जुलै

वर्गात अकरा जण. पैकी नऊ जणांना 'साक्षर झाल्यास शिक्षेत सूट' एवढाच ज्ञानाचा ओढा आहे. दहावा झोपतो. अकरावा कवडू.

कवडू उमरेडचा कोष्टी. वय चाळीसच्या आतबाहेर, पाठीला किंचित बाक. पाटी धरतो ती कापडाचा पोत पाहावा तशी, तिरपी, उजेडाकडे. तुरुंगातल्या मागावर कैद्यांच्या सतरंज्या विणतो. मी विचारले, "तुला कशाला शिकायचंय? सूट हवी?"

"सूट भेटली तं कोण नाही म्हणते, गुरुजी. पण पोरीचं लग्न हाये मार्गशीर्षात. जायाले तं भेटनार नाही मले. निदान पत्रिका आली का आपल्या डोयानं वाचीन म्हनलं. दुसऱ्यानं वाचून दाखवली तं त्याच्याच पोरीचं लग्न वाटते."

हे वाक्य मी घरी येऊन टिपून ठेवले. कुठेतरी वापरता येईल.

२१ जुलै

आज कवडूची हकिकत कळली. ४९ साली सुताची टंचाई होती. कोष्टीपुऱ्यात सूत सोसायटीतून मोजून मिळे. वाटपाच्या दिवशी मारामारी झाली, सोसायटीचा सेक्रेटरी डोक्यात फणी बसून मेला. फणी म्हणजे मागाची. ती कवडूच्या मागाची निघाली. दहा वर्षे.

"मग तू मारलंस?"

"नाही जी."

"सगळेच असं म्हणतात."

"म्हनत असतीन. मी पंचाइसमोर मागावर हात ठेवून म्हनलं."

त्यांच्यात ही मोठी गोष्ट असते म्हणे. मागावर हात ठेवून खोटे बोलला तर तो माग सात पिढ्या रिकामा राहतो. कोर्टाने कवडूवर विश्वास ठेवला नाही, पंचांनी ठेवला. त्या शपथेवर इतवारीच्या मारोतरावांनी त्याची मुलगी गोदी आपल्या मुलाला मागितली. मारोतरावांचे आठ माग आहेत. त्यांनी स्पष्ट सांगितले, खुन्याची पोरगी करणार नाही, पण कवडूने मागावर हात ठेवला आहे, म्हणजे तो खुनी नाही.

"सारं त्या एका बोलन्यावर हाये, गुरुजी," कवडू म्हणाला.

मी म्हणालो, तुमच्या पंचांना हायकोर्टात बसवायला पाहिजे. तो हसला नाही. माझे विनोद तुरुंगात चालत नाहीत.

१७ ऑगस्ट

कवडू जोडाक्षरांपर्यंत आला. 'स्वातंत्र्य' हा शब्द त्याने तीन श्वासांत वाचला. दहावा अजून झोपतो.

मी त्याला वर्तमानपत्राचा एक तुकडा दिला. तो म्हणाला, "आमच्या इकडं पेपर डोयानं कोनी वाचत नाही, कानानं वाचते. एक जन मधात बसून मोठ्यानं वाचते, बाकीचे माग ठोकून राह्यते. एक पेपर आठ घरात जाते."

गंमत आहे. म्हणजे वर्तमानपत्राचा खप एक आणि कान चाळीस. आमच्या मालकांना सांगितले तर ते चाळिसांकडून वर्गणी मागतील.

१४ सप्टेंबर

यमुताईंच्या डोक्यात कल्पना पेटली आहे. २ ऑक्टोबरला तुरुंगात समारंभ, उपमंत्री येणार. सूतकताई होईल, प्रार्थना होईल आणि एक कैदी स्वतः लिहिलेले भाषण स्वतः वाचून दाखवेल.

"स्वतः लिहिलेले म्हणजे तुम्ही लिहिलेले," त्या मला म्हणाल्या.

"आणि सुधारलेला म्हणजे?"

"तोही तुम्हीच."

मी कवडूचे नाव सुचवले. जेलर ताराचंद म्हणाले, "बढिया आदमी है. ढंग से पढ़ दिया तो दो महीने की माफी पक्की." दोन महिने ऐकल्यावर कवडूने माझ्या पायांना हात लावला. मी मागे सरलो. मला तसल्या गोष्टी आवडत नाहीत, असे मी नंतर स्वतःशी म्हणालो. खरे म्हणजे जरा उशिरा सरलो.

२० सप्टेंबर

भाषण लिहिले. चांगले झाले आहे. गेली वीस वर्षे मी लोकांची टिंगल करून पोट भरतो. कोणासाठी रडवणारे लिहिता येईल असे वाटले नव्हते. येते की.

कवडूला वाचून दाखवले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "गुरुजी, एक इनंती हाये. ते 'माझ्या हातून घडलेला गुन्हा' म्हनून जे हाये, ते काढा जी."

"अरे, त्याशिवाय भाषण उभं कशावर राहील?"

"मी शिकलो, मले वाचता येते, सरकारचे उपकार झाले, हे म्हनतो ना मी. शंभरदा म्हनतो. पन ते नका घालू. मी तिकडं मागावर हात ठेवलेला हाये."

मी ओळ खोडली. भाषणाचा कणा मोडला, पण खोडली. त्याच्यासमोरच खोडली. तो त्या काळ्या रेघेकडे बराच वेळ पाहत होता.

३० सप्टेंबर

तालीम. यमुताईंनी ऐकले आणि चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढला की कोणाचे तरी वाईट होते.

"यात पश्चात्ताप कुठे आहे?"

"तो म्हणतो, त्याने केलंच नाही."

"दत्तोपंत, ज्यानं केलंच नाही त्याला आम्ही सुधारलं कसं? मग तर आम्ही एका निरपराध माणसाला अंकलिपी शिकवली. उपमंत्री त्यासाठी येत नाहीत."

मान्य करावे लागले की बाईंचा युक्तिवाद माझ्या लेखात शोभला असता.

ताराचंद म्हणाले, "पछतावा नहीं तो माफी नहीं. ऊपर मैं क्या लिखूँ? आदमी अच्छा है, सिर्फ झूठा है?"

म्हणजे ओळ नाही तर दोन महिने नाहीत. त्याच्या हितासाठीच मी आज पुन्हा बसलो. आणि बसलो तर ओळ एकटी आली नाही. सोबत आणखी दोन आल्या. आता ते असे आहे: 'ज्या हातांनी मी धाग्याशी धागा जोडला, त्याच हातांनी एका माणसाचा जीव तोडला. मी मारले. देवाने मला क्षमा करू नये, समाजाने मला शिकवावे.'

मला स्वतःला काटा आला.

कवडूला विचारावे का? विचारले तर नाही म्हणेल, आणि नाही म्हणेल तर दोन महिने जातील. तुरुंगाच्या भिंतीआड पंधरावीस सुशिक्षित मंडळींसमोर चार शब्द. उमरेडला कोणाला कळणार आहे? त्याच्या जगात कोणी वाचत नाही. सुवाच्य अक्षरात नवी प्रत काढली.

२ ऑक्टोबर

समारंभ फार देखणा झाला. उपमंत्र्यांच्या हातात टकळी दिली होती, ती त्यांनी शेवटपर्यंत छत्रीसारखी धरली.

कवडूला सकाळी मी नवी प्रत दिली. "थोडे फेरफार आहेत, जुनी ठेव बाजूला," म्हणालो. त्याने कपाळाला लावून घेतली. भाषण पाठ करायचे नाही, कागदावरून वाचायचे, ही यमुताईंची अट; नाहीतर साक्षरता दिसत नाही.

त्याने सुंदर वाचले. प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून, एकेक शब्द. 'ज्या हातांनी मी धाग्याशी धागा जोडला' इथे सभागृह शांत झाले. 'त्याच हातांनी एका माणसाचा जीव' इथे तो थांबला. 'तोडला' मोठ्या कष्टाने आले. आणि मग पुढे काही येईना.

बोट कागदावर तसेच. मान खाली. मागे ताराचंद उभे. उपमंत्र्यांनी टकळी या हातातून त्या हातात घेतली. तो जोडाक्षरावर अडला असे मला वाटले, पण पुढच्या दोन शब्दांत जोडाक्षर नव्हते हे मला आता, लिहिताना, दिसते आहे. मी पहिल्या रांगेत होतो. हळू आवाजात सांगितले, "मी मारले."

त्याने माझ्याकडे पाहिले.

मी पुन्हा सांगितले. "मी मारले. वाच."

त्याने वाचले. आवाज असा निघाला, की उपमंत्र्यांसोबतच्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला. तो थांबला म्हणूनच परिणाम साधला. नाटकवाले याच थांबण्यासाठी महिनामहिना तालमी करतात. टाळ्या बराच वेळ चालल्या. उपमंत्री म्हणाले, हाच नवा भारत.

कवडूला दोन महिन्यांची सूट जाहीर झाली. मी त्याला शोधले, पण तोवर कैद्यांची मोजणी सुरू झाली होती.

३ ऑक्टोबर

शनिवारचा अंक. भाषण मी पूर्ण छापले, पहिल्या पानावर, चौकटीत. कालच रात्री छापखान्यात नेऊन दिले होते. 'एका बंदिवानाचे हृद्गत', खाली कवडूचे नाव, गाव उमरेड. माझे नाव कुठेही नाही. एवढा त्याग मी यापूर्वी केलेला नाही.

शामलेने अंक वाचून घडी करून ठेवला. "हे त्या माणसाचं नाही. तुमचं आहे."

"कशावरून?"

"खरंच मारलेला माणूस धाग्याला धागा जोडत बसत नाही."

बायकोला वाङ्मयाची जाण असावी, पण तिने ती घरात वापरू नये.

१२ ऑक्टोबर

अंक संपला. जास्तीच्या दोनशे प्रती काढल्या, त्याही गेल्या. सीताबर्डीवर दोघा अनोळखी माणसांनी थांबवून विचारले, हा कवडू कोण? मी म्हणालो, माझा विद्यार्थी. हे सांगताना मला बरे वाटले. अजूनही वाटते आहे.

वर्गात कवडू मागे बसतो, झोपणाऱ्याशेजारी. विचारले तर वाचतो. नाही विचारले तर नाही.

२६ ऑक्टोबर

आज कवडूला टपालाने पत्र आले. तुरुंगात आलेले पत्र आधी ताराचंद वाचतात. त्यांनी ते वर्गात माझ्याकडे पाठवले, "आपका चेला खुद पढ़े, उसी में मजा है." मीही म्हणालो, वाच कवडू, सगळ्यांना ऐकू दे. आयुष्यातले पहिले पत्र स्वतः वाचण्याचा मान त्याला मिळावा, हाच हेतू होता. मी पत्र उघडून पाहिले नाही. पाहायला हवे होते.

त्याने मोठ्यानेच सुरू केले. बोट अक्षरांवर.

'कवडूजीले मारोतरावाचा रामराम. पेपर आमच्या कारखान्यात वाचला. आठही माग बंद करून ऐकला. तुमी पंचाइसमोर एक बोलले आन सरकारसमोर दुसरं बोलले. सोयरीक मोडली हाये. मुलीचं नशीब.'

एकही चूक झाली नाही. 'सोयरीक' सुद्धा सरळ वाचला. नऊ जण खाली पाहत होते. दहावा जागा होता.

कवडूने पत्राची घडी केली. अंकलिपीत ठेवली. अंकलिपी पाटीवर ठेवली. पाटी माझ्यापुढे आणून ठेवली आणि जागेवर जाऊन बसला.

२ नोव्हेंबर

तो वर्गाला येत नाही, म्हणून मीच मागाच्या शेडमध्ये गेलो. सतरंजीची निळी पट्टी चालू होती. हात थांबवले नाहीत.

"कवडू, मी मारोतरावांना पत्र लिहीन. सांगीन, ते भाषण होतं. लिहिलेलं होतं."

"कोनी लिवलं म्हनान?"

मी म्हणालो, "मंडळानं."

फणी चार वेळा ठोकली गेली.

"आन मी वाचलं ते? तेई मंडळानं वाचलं म्हनान?"

मी म्हणालो, "तू थांबला होतास. तेव्हाच नाही म्हणायचं होतंस."

"मी थांबलोच होतो, गुरुजी. तुमी दोनदा सांगतलं. एकदा सांगतलं तं वाटलं चुकून सांगून राह्यले. दुसऱ्यांदा सांगतलं तवा वाटलं, लिवलेलं हाये म्हनजे वाचाच लागते."

शेडमध्ये आवाज फार असतो. मी म्हणालो, बरं, बघू. आणि आलो.

९ नोव्हेंबर

मारोतरावांना पत्र लिहायला बसलो. तीन मसुदे झाले. पहिल्यात मी दोषी दिसत होतो. दुसऱ्यात यमुताई. तिसऱ्यात कोणीच नाही, पण मग पत्राला काही अर्थ उरत नव्हता. इतवारीत ते मोठ्याने वाचले जाईल, आठ मागांवर, हेही मनात येते. माझ्या सहीसकट. उद्या पाहू.

१६ नोव्हेंबर

उद्या झाला नाही.

यमुताईंना सगळे सांगितले. त्यांना खरेच वाईट वाटले. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "पण दत्तोपंत, बघा, समाज किती मागासलेला आहे. माणूस कबुली देतो आणि हे सोयरीक मोडतात. यावरच लिहा ना तुम्ही." मी घरी येऊन लिहिले. शनिवारी येईल. 'खरे बोलण्याची शिक्षा' असा मथळा आहे. मथळा वाईट नाही.

३० नोव्हेंबर

तुरुंगाच्या दारासमोर कडुनिंबाखाली बाबनरावांची चहाची टपरी आहे. मुलाखतीला आलेली माणसे तिथे बसतात. आज एक बाई माझ्याजवळ आली. हिरवे लुगडे, पायात काही नाही.

"तुमीच गुरुजी नं? मी जनाबाई, कवडूची घरवाली. त्याइनं सांगतलं होतं, ठेंगने हायेत, डोक्यावर काळी टोपी, तोंडात सुपारी."

मी बसा म्हणालो. ती खाली बसली, बाकावर नाही. उमरेडहून सकाळच्या गाडीने आली होती. तीन मुलाखती झाल्या, कवडू बाहेर येत नाही. निरोप पाठवतो, बरा हाये.

"गुरुजी, मले एक सांगा. पोरीनं इच्यारलं मले. माय, बाबानं मारलं का? मी म्हनलं, मले नाही मालूम वं. चार वर्सं मालूम होतं, आता नाही मालूम." ती पदराच्या टोकाची गाठ सोडवत होती. "त्याइले तं लिवता येत नाही एवढं. कोनी लिवलं ते?"

बाबनराव किटली धरून उभे राहिले. मी इतकी वर्षे लिहितो. मंत्र्यांना, शेठांना, महंतांना उत्तरे दिली आहेत. मी म्हणालो, "तिथं मंडळाची पद्धत असते, जनाबाई. बरेच जण मिळून करतात."

"बरेच जन," ती म्हणाली. तिचे समाधान झाले असे दिसले. बऱ्याच जणांवर कोणाला राग धरता येत नाही.

चहा आला, दोन कप. माझ्या खिशात दहाची नोट होती, बाबनरावांकडे मोड नव्हती. तिने गाठीतून दोन आणे काढून दिले. मी नको नको म्हणालो. ती म्हणाली, "त्याइले तुमी शिकवलं. तेवढं तं मी पाजू शकतो."

मी चहा प्यालो. गार झाला होता, तरी संपवला.

१८ डिसेंबर

कवडूला जबलपूरच्या तुरुंगात हलवले. कल्पना यमुताईंची, २६ जानेवारीला तिथेही समारंभ आहे आणि उपमंत्र्यांना तेच भाषण पुन्हा ऐकायचे आहे. प्रत मंडळाकडे होतीच. माझे मत विचारले होते. मी म्हणालो, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. हे मत आहे की नाही, यावर मी आज बराच वेळ विचार केला.

वर्गात आता नऊ. दहावा सुटला. त्याला 'अ' अजून येत नाही.

११ जानेवारी १९५४

आज वर्ग सुटल्यावर टपरीवर गेलो. दहाची नोट घरीच मोडून आणली होती. गिऱ्हाईक नव्हते. दोन आणे बाबनरावांपुढे ठेवले.

"हे कायचे जी? तुमी तं आज पेलेच नाही."

"त्या दिवशीचे. जनाबाईंनी माझे दिले होते. त्या आल्या की द्या."

"ते आता कायले येते इकडं? नवरा जबलपुरात." त्यांनी किटलीखालची राख हलवली. "मंगळवारी आलती. तिले कोनी सांगतलंच नव्हतं ना. दारावर उभी राह्यली, नत्थूजीनं सांगतलं, मंग गेली. पोरगी देल्ली म्हने पवनीकडं. बिजवराले. पोरीहून मोठी त्याची एक पोरगी हाये."

मी विचारले, "काही म्हणाली?"

"नाही. चहा नाही पेली."

आणे तसेच पडले होते. बाबनरावांनी माझ्याकडे पाहिले. मग बोटाने सरकवून गल्ल्यात टाकले, आणि किटली विस्तवावर ठेवली.